मेळघाटातल्या उन्हाळी मिशन इंटर्नशिपवरून परत आलो, रविवारी मंडळीत साक्ष द्यायची आहे, काय सांगू?

राळेगावकडचा:

सर्वांना जय ख्रिस्त. थोडं लांब लिहून राहिलो, पण जमलं तर पूर्ण वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, यंदा बीएस्सी झालं. मे महिन्यात एका मिशनच्या उन्हाळी इंटर्नशिपला मेळघाटात गेलो होतो, धारणी तालुक्यातल्या कोरकू आदिवासींच्या गावांत, अन् मृग लागला तसा घरी आलो. आता येत्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, साक्ष द्यायची आहे, देवानं तिथं काय दाखवलं ते सांगायचं. पाळकसाहेबांनी उपासनेत पंधरा मिनिटं दिली आहेत अन् मला खरंच समजून नाही राहिलं की काय बोलू.

आधी तिथलं सांगतो. सकाळी आरोग्याच्या टीमसोबत गावात जायचं, संध्याकाळी तिथल्या लहानशा मंडळीतल्या पोरांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, घ्यायची. मेमधे लोक पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात, ऊन चढलं की परत येतात अन् अंगणात सावलीत बसून पुडके बांधतात, म्हणून आमचं कामही त्यांच्याच वेळेवर चालायचं. माझ्याकडे दंड मोजायची पट्टी दिली होती. पातळ असते, तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात, लेकराच्या डाव्या दंडाला मधोमध गुंडाळायची, फटीतून ओढायची अन् खुणेपाशी आकडा वाचायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण, तिथून साडेबारापर्यंत पिवळा. एका घरी दीडेक वर्षाची पोरगी होती, मी पट्टी ओढत गेलो, ओढत गेलो, अन् लाल काही संपेच ना. तिची माय पट्टीकडे पाहतच नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. आशाताईनं तिला कोरकूत समजावलं की दवाखान्यात भरती करा, ती नाही म्हणाली. घरी आणखी लेकरं, अन् तेंदूचा सीझन थोड्या दिवसांचा, नगदी पैसा तेवढाच.

त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर लहानपणापासून मंडळीत ऐकून पाठ झालेली वाक्यं तोंडातून निघेचनात. नुसतं त्या पोरीचं नाव घेत बसलो. तिथून पुढं माझी प्रार्थना तशीच होत गेली, एकेकाचं नाव घेऊन. आधी मी प्रार्थना करायचो म्हणजे सभेत कोणी नाव पुकारलं की करायचो, एकट्यानं बसायची सवयच नव्हती. तिथं पहाटे पाचला उठून बसायचो, वचन वाचायचो, डायरी लिहायचो, अन् मन असं भरून यायचं की वाटायचं आता आयुष्यभर असंच राहणार. तिथल्या मंडळीत एक आजी आहे, तिला वाचता येत नाही, पण दर सभेनंतर आम्हा सगळ्या पोरापोरींच्या डोक्यावर हात ठेवून कोरकूत प्रार्थना करायची, अन् नंतर कोणी तरी सांगायचं की तुमच्या आईबाबांच्या वावरात पाऊस पडावा म्हणून मागून राहिली होती. तिच्या घरी कुटकीचा भात खाल्ला तेव्हा तिच्यासाठी भात उरला नाही हे मला नंतर दिसलं.

आता घरी. पेरणीचे दिवस, घर दोन खोल्यांचं, पाच वाजता उठलो तर बाबा बैल सोडून राहिले असतात अन् मला हाक मारतात. रात्री अंग मोडलेलं असते. वचन उघडतो, तोच अध्याय दोनदा वाचतो, मनात काहीच उतरत नाही. डायरी पिशवीतून काढलीच नाही. मला भीती वाटते की ते सगळं तिथल्या वातावरणाचं होतं, गाणी, सोबतची पोरं, जंगल, अन् माझ्यात खरं काही वाढलंच नाही.

त्यात कमिटीतले एक काका भेटले, त्यांनी सरळ विचारलं, किती जण प्रभूकडे आले ते आकडा सांगशील, मंडळीनं वर्गणी दिली आहे. माझ्याजवळ असा आकडा नाही. आम्ही पट्टी अन् वजनकाटा घेऊन लोकांच्या दारात गेलो होतो, तिथं हा प्रश्न विचारणं मला बरोबर वाटलंच नसतं, आम्हाला तसं सांगितलंही नव्हतं. दुसरं म्हणजे त्या पोरीला कडेवर घेतलेला माझा एक फोटो आहे, सोबतच्यानं काढला, तो प्रोजेक्टरवर दाखवा म्हणून तरुण संघवाले मागे लागले आहेत.

तर जे कोणी अशा सेवेला जाऊन आले असतील त्यांनी सांगा, वाढ खरी होती हे ओळखायचं कसं, अन् रविवारी बोलू काय.

धारणी रोड:

भाऊ, मी नर्स आहे, त्याच पट्ट्यात बरीच वर्षं काम केलं, म्हणून आधी फोटोचं सांगते. दाखवू नको. १९९३ ला मेळघाटातले बालमृत्यू पेपरात गाजले तेव्हापासून तिथं कॅमेरे येऊन राहिले आहेत, अन् त्या बायांना माहीत आहे की आपल्या लेकराचा फोटो कुठं कुठं जातो. तिनं तुला दंड मोजू दिला, फोटो मंडळीत दाखवायला हो म्हटलं नव्हतं. तरुण संघाला पट्टी दाखव ना, कोरी पट्टी. एखाद्या मोठ्या माणसाच्या अंगठ्याभोवती गुंडाळून दाखव अन् मग साडेअकरा सेंटिमीटरचा गोल करून दाखव की एवढा दंड. लोकांना बरोबर समजते.

भरतीचं पण थोडं समजून घे, कारण मंडळीत कोणी तरी नक्की म्हणेल की या लोकांना लेकराची काळजीच नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात भरती म्हणजे आईला साधारण चौदा दिवस लेकरासोबत राहावं लागते. घरच्या बाकीच्या लेकरांना कोण रांधून घालणार, मजुरी कोण आणणार, सासू काय म्हणणार, हे सगळं तिच्या डोक्यात एका मिनिटात फिरते. म्हणून गावातच अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र चालवतात, तिथं लेकराला दिवसातून बरेच वेळा थोडं थोडं खायला देतात, औषध देतात, आई घरी राहू शकते. ती पोरगी तिथं गेली का हे तू विचारलं का अजून? आशाताईचा नंबर असेल तर दुपारी फोन कर, सकाळी त्या फिरतीवर असतात अन् रेंजचा काही भरोसा नाही तिकडे. फोन करून आधी ताईची चौकशी कर, तिला मानधन वेळेवर मिळालं का विचार, मग पोरीचं विचार.

अन् कोरडेपणाचं. दरवर्षी इंटर्न येतात, दरवर्षी जून-जुलैत मला असेच मेसेज येतात. बायबलमधलं एलिया संदेष्ट्याचं वाच, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं अन् त्याच्यानंतर हा माणूस झुडपाखाली झोपून मरण मागतो. देवदूत त्याला काय म्हणतो? ऊठ, खा. निखाऱ्यावरची भाकर अन् पाणी. तो खाऊन परत झोपतो, देवदूत परत येऊन परत खाऊ घालतो. कुठं रागावला नाही, प्रार्थना कमी झाली म्हणून बोलला नाही. तू उन्हाळाभर उन्हात फिरला अन् घरी येऊन लगेच पेरणीला जुंपला, आधी झोप पुरी कर. हिमोग्लोबिन पण तपासून घे, खरंच सांगते.

जोशात राहा:

प्रेज द लॉर्ड भावा! मी नागपूरचा, दोन वर्षं अशाच सेवेत आहे. मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नको. झोप वगैरे ठीक आहे पण आग विझू देऊ नको. प्रभूनं तुला तिथं हात लावला तो शेतात परत आणून गप्प बसवायला नाही. मत्तय २८ मधे जा म्हटलं आहे, शिष्य करा म्हटलं आहे. कमिटीच्या काकांनी आकडा मागितला तर त्यात एवढं वाईट काय, प्रेषितांच्या कृत्यांत पण तीन हजार लिहिलेच आहेत ना.

माझं मत, लगेच बायबल कॉलेजचा फॉर्म भर. उशीर केला की नोकरी, लग्न, कर्ज यातच माणूस अडकते, मी माझ्या बॅचच्या पोरांमधे पाहिलं आहे, तिथं रडून समर्पण केलेले आता फोन उचलत नाहीत. अन् एकटा राहू नको. आमची रोज पहाटे पाचला ऑनलाइन प्रार्थना असते, गुगल मीटवर, तू पण ये, डायरी तिथं वाचून दाखव, सगळे मिळून धरून ठेवू तुला. तुझी पोस्ट वाचून मलाच रडू आलं, म्हणून एवढं लिहिलं.

वऱ्हाडी माणूस:

बेटा, म्या तुही पोस्ट पुरी वाचली, बायकोले पन वाचून दाखवली. आमी बुलढान्याकडले, वावरातलेच मानसं, मंडळीत पंच हावो. शिकलेले लोक शिकलेलं सांगतीन, म्या मले जे दिसलं ते सांगतो.

मार्क ४ मंदी तो दृष्टांत हाये ना, मानूस बी टाकते, रात्री झोपते, दिवसा उठते, अन् बी उगवते, कसं उगवते ते त्याले समजत नाही. आदी पातं, मंग कनीस, मंग कनसात भरलेला दाना. येशूनं ते आपल्यासारख्याइलेच सांगतलं. तू पेरनी करून राह्यला, तुले मालूम हाये, सरकीचं बी टाकल्यावर कोनी रोज उकरून पाह्यते काय मोड आला का म्हनून? उकरलं का ते मरते. तू रोज मनात उकरून पाहून राह्यला, भरून आलं का, नाही आलं. रायू दे आता जमिनीत.

अन् त्या पाच वाजताचं. तुहा बाप पाचले बैल सोडते अन् तुले हाक मारते, त्याचा तरास काऊन करून घेतं? तिथं आशाताईच्या मांगं मांगं फिरला, जे सांगतलं ते आयकलं, इथं बापाच्या मांगं जाय. आमच्या वावरात म्या सुद्द धुऱ्यावर बसून प्रार्थना करतो, दुपारी भाकर सोडाच्या आदी, डोयावर शेला टाकून. बैल बी तेवढाच इसावते. तिथं नावं घेऊन प्रार्थना करे म्हंतं, तं इथं बी नावं घे. बापाचं घे, मायचं घे, शेजारी ज्याच्यासंगं धुऱ्यावून भांडन हाये त्याचं घे. हे अवघड जाते पाह्य, मेळघाटातल्या पोरीचं नाव घेनं त्याच्याहून सोपं हाये. तुह्या बापानं तुले महिनाभर जाऊ देल्लं, ऐन वखरनीच्या दिवसात, एक मानूस कमी असून. ते बी त्यानं सेवेलेच देल्लं ना. रविवारी हे मंडळीत सांग, बाप समोर बसला असन तवा सांग.

नागपूरवाल्या भावाले म्या चूक नाही म्हनत, त्याचा जीव हाये तुह्यात. पन फॉर्म भराचा तं सोयाबीन निंघाल्यावर भर, बापाच्या खिशात फीचे पैसे तवाच येतीन.

जुना यवतमाळकर:

सगळ्यांचं वाचलं. मी आता निवृत्त आहे, आमचं घर यवतमाळात, अन् युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, आमच्या गावात होती तो काळ मी पाहिला आहे. १९५३ ला यवतमाळात सुरू झाली, १९८३ ला पुण्याला गेली. केरळचे, नागालँडचे, मिझोरमचे विद्यार्थी यायचे, रविवारी आमच्याकडे जेवायला असायचे, आई त्यांना झुणका-भाकर वाढायची अन् तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. वीकेंडला खेड्यांत जायचे, परत येऊन कोणी भारावलेले असायचे, कोणी एकदम गप्प. मी लहान होतो पण एवढं लक्षात आहे की पुढं वीस-पंचवीस वर्षं खेड्यांत टिकले त्यांच्यात गप्प बसणारेही पुष्कळ होते. म्हणून आज मन भरून येत नाही यावरून मी तुझ्याबद्दल काहीच ठरवणार नाही.

जोशात राहा, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण आकड्याच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत आकडा लिहिला तो घडून गेल्यावर, वर्गणीचा हिशोब म्हणून कोणी मागितला नव्हता. लूक १० पाहा. येशूनं सत्तर जणांना दोघे दोघे करून पाठवलं, ती एका अर्थी इंटर्नशिपच होती, अन् ते आनंदानं परत येऊन सांगायला लागले की प्रभू, तुमच्या नावानं भुतंसुद्धा आम्हाला वश होतात. आता इथं तो म्हणू शकला असता, किती? त्यानं उलट सांगितलं की याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. कमिटीच्या काकांना हाच उतारा वाचून दाखव, पण प्रेमानं. ते वाईट माणूस नसतील, वर्गणी गोळा करताना त्यांना दारोदार हेच विचारलं गेलं असेल.

आपल्याच भागातलं एक सांगतो. नागपूरला हिस्लॉप कॉलेज आहे, १८८३ चं, ज्यांच्या नावाचं ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपुरात आले अन् १८६३ ला बोरीजवळ रात्री नदी ओलांडताना वाहून गेले. मधली अठरा वर्षं या माणसानं शाळा चालवली, इथले दगड अन् जीवाश्म अभ्यासले, अन् गोंड लोकांत बसून त्यांचे शब्द, त्यांची गाणी, त्यांच्या कथा लिहून घेतल्या. ते कागद त्यांच्या हयातीत छापलेच गेले नाहीत, इथला तेव्हाचा इंग्रज अधिकारी रिचर्ड टेम्पल, त्यानं १८६६ ला छापले. ज्या लोकांत राहायचं त्यांचं आधी नीट ऐकायचं, हे त्यांनी सेवेचाच भाग मानलं. तुझ्या पोस्टमधे मला तेच दिसलं. माय पट्टीकडे न पाहता तुझ्या तोंडाकडे पाहत होती हे तुझ्या लक्षात राहिलं, आजीला भात उरला नाही हे दिसलं. इंटर्नशिपला जायच्या आधी तुला हे दिसलं असतं का? मला वाढ विचारशील तर ती इथं आहे, पाच वाजताच्या भरून येण्यात शोधू नको.

परत यायचं दुःख वाटते ते पण खरं आहे. मार्क ५ मधे ज्या माणसातून भुतांचं सैन्य निघालं तो येशूच्या मागं मागं होडीपाशी आला, मला सोबत राहू द्या म्हणून विनवणी करत होता. त्याला नाही म्हटलं. घरी जा, आपल्या माणसांकडे जा, प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते सांग. शिष्यांना ये म्हणणारा येशू याला जा म्हणतो. सेमिनरीला कोणी जावं, कोणी घरी जावं, दोन्ही पाचारणंच, देवाची बोलावणीच आहेत, अन् तुझं कोणतं ते जुलै महिन्यात थकलेल्या अंगानं ठरवू नको.

राळेगावकडचा:

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस पाऊस होता म्हणून निवांत वाचता आलं.

नर्सताई, आशाताईला फोन लागला. पोरगी अंगणवाडीतल्या केंद्रात जाऊन राहिली, दंड अजून पिवळ्यातही आला नाही पण वजन थोडं सरकलं म्हणाली. मायनंच रोज नेऊन सोडली, पत्ता तोडून आल्यावर. ताईनं तुमच्यासारखंच सांगितलं की बाकीचं काही विचारायच्या आधी लोक आमची चौकशीच करत नाहीत. फोटो तरुण संघाला नाही म्हणून सांगितला, थोडे नाराज झाले, पट्टीचं सांगितल्यावर मानले.

वऱ्हाडी काका, वावरात बाबांसोबत धुऱ्यावर बसलो, मी डोळे मिटले तर त्यांनी पण टोपी काढली, काही बोलले नाहीत, मग म्हणाले चाल, ढग येऊन राहिले. शेजाऱ्याचं नाव घ्यायला मला अजून जमलं नाही, खरं आहे तुमचं, लय जड जाते.

नागपूरच्या दादा, पहाटेच्या मीटला शनिवारी येईन, बाकी दिवस इथं बैलं असतात. फॉर्मचं मी सोडलेलं नाही, दिवाळीनंतर बाबांशी बोलतो.

साक्षीचं असं ठरवलं की पट्टी दाखवायची, आजीच्या प्रार्थनेचं सांगायचं, लूक १० वाचायचं, अन् बाबांबद्दल बोलायचं. आकडा विचारला तर नाही म्हणून सांगणार. मंडळीकडून काही मागावं का हा एक प्रश्न राहिला, कारण नुसतं ऐकून सगळे घरी जातील असं मला नको आहे.

धारणी रोड:

देव भलं करो त्या मायचं. मागायचं असेल तर पैसे लगेच मागू नको. तुमच्याच गावच्या अंगणवाडीत किती लेकरं पिवळ्यात आहेत हे महिला मंडळानं जाऊन सेविकेला विचारावं, एवढं माग. यवतमाळ जिल्ह्यात पण कमी नाहीत, मेळघाटचं नाव मोठं झालं म्हणून इकडचं कोणी पाहत नाही. सेविका सगळं सांगणार नाही एकदम, पण दोन-तीनदा गेल्या की सांगते.

जुना यवतमाळकर:

हे चांगलं आहे, हेच मागा. एक व्यवहाराचं सांगतो, पंधरा मिनिटांतली दहाच तू घे. शेवटच्या पाच मिनिटांत मंडळीतल्या म्हाताऱ्या बायांपैकी कोणा एकीला त्या पोरीसाठी अन् त्या कोरकू मंडळीसाठी प्रार्थना करायला सांग, शनिवारीच घरी जाऊन विचारून ठेव म्हणजे ती घाबरणार नाही. पोरीचं नाव फक्त तिला सांग, माइकवर नको. अन् काकांना उपासनेच्या आधी भेट, आकडा नाही हे त्यांना सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळायला नको.